एम.एस्सी. फिजिक्स: कालिना की पुणे? (सल्ला हवा)

चिपळूणची_पोर
टीवाय बी.एस्सी.चा निकाल यायचाय. एम.एस्सी. फिजिक्ससाठी मुंबई विद्यापीठ (कालिना) की पुणे, ठरत नाहीये. खगोलशास्त्र आवडतं, पण पुढे नेट-सेट देऊन शिकवायचंही डोक्यात आहे. घरून राहणं-जेवण धरून महिना ७००० मिळतील, त्याच्यावर नाही. कुर्ल्याला मावशी राहते. जाणकारांनी सांगावं.

गणेशखिंडकर
खगोल म्हणतेस आणि वर विचारतेस? पुणे! ४११ एकर आवार, आत आयुका हे खगोलसंशोधन केंद्र, आत एनसीआरए. म्हणजे खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण चालवणारी संस्था तुझ्या विभागाच्या शेजारी. आम्ही नारळीकर सरांचं व्याख्यान जिन्यात बसून ऐकलंय.

लोकलवाला
जिन्यात बसून डिग्री मिळते का? कालिना १८५७ च्या विद्यापीठाचं आहे, तुमचं १९४९ चं. टीआयएफआर ही मूलभूत संशोधन संस्था कुलाब्याला, बीएआरसी हे अणुसंशोधन केंद्र ट्रॉम्बेला. माझा मुलगा कालिन्यातच सीबीएसला (बेसिक सायन्सेसचं केंद्र) होता, आता पीएचडी करतोय.

निमूट
काका, सीबीएसचा पाच वर्षांचा कोर्स बारावीनंतर, नेस्ट ही प्रवेश परीक्षा देऊन असतो. तिचं बी.एस्सी. होत आलंय.

लोकलवाला
माहीत आहे. आवार तेच ना?

राइनकाठचा_बंड्या
दोन्ही सोड, जर्मनीला ये. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही. फक्त वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला (खर्चासाठी अडकवून ठेवलेलं खातं) दाखवायचे.

चिपळूणची_पोर
दादा, वर ७००० लिहिलंय. रुपये.

शेवंता_मॅडम
पुण्याला अनुमोदन. आणि मुली, मुंबईला गेलीसच तरी मावशीकडे राहू नकोस. मी नातेवाईकांकडे राहून शिकले, परीक्षेच्या आदल्या रात्री पाहुण्यांच्या पोळ्या लाटल्यात.

गणेशखिंडकर
+१. हॉस्टेल ते हॉस्टेल.

निमूट
हॉस्टेल सगळ्यांना मिळत नाही, हे आधी सांगा तिला. ताई, कामाचं सांगतो. तुझी पदवी मुंबई विद्यापीठाची, त्यामुळे पुण्याला गेलीस तर मायग्रेशन आणि एलिजिबिलिटी दोन्ही सर्टिफिकेटं लागतील. प्रवेश परीक्षेचा अर्ज निकालाची वाट न बघता भर, आणि बाहेरच्या विद्यापीठातल्या मुलांना जागा किती ते माहितीपत्रकात बघ. पुण्यात 'कमवा व शिका' योजना आहे, थोडा हातखर्च सुटतो. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अटींत बसत असशील तर. पैसे मात्र वेळेवर येतील असं धरून चालू नकोस.

कुंभार्ली_घाट
कोणी घरी येण्याजाण्याचं बोलतच नाही! पुण्याहून चिपळूण म्हणजे सातारा-कराड करत घाटातून एसटी. पावसात दरड आली की बसा. मुंबईहून रेल्वे आहे.

लोकलवाला
मांडवी एक्सप्रेस पकडायची, आरामात.

कुंभार्ली_घाट
आरामात?? पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेने कधी आलायत का?

रापण
मूळ प्रश्न राहिला. कोकणातली पोर पुण्याच्या मेसमध्ये दोन वर्षं मटकी खाणार?

गणेशखिंडकर
पुण्यातही मासे मिळतात.

रापण
मिळतात हो. बर्फाला विचारा किती दिवसांचे.

शेवंता_मॅडम
एम.एस्सी.नंतर बी.एड. करून ठेव. नेटच्या भरवशावर बसलेली, तासिका तत्त्वावर झिजलेली मंडळी माझ्या पाहण्यात आहेत.

निमूट
आणखी एक. आयुका-एनसीआरएची उन्हाळी शाळा फक्त पुण्याच्या मुलांसाठी नसते, अर्ज देशभरातून घेतात. टीआयएफआरचा व्हीएसआरपी हा उन्हाळी संशोधन कार्यक्रमही तसाच. तेव्हा 'खगोल म्हणजे पुणेच' हे पीएचडीच्या वेळी खरं धर. एम.एस्सी.ला आधी क्वांटम आणि स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स पक्कं कर, ते कुठेही तेच आहे.

गणेशखिंडकर
वातावरण म्हणून काही असतं की नाही?

चिपळूणची_पोर
सगळ्यांचे आभार. बाबांशी बोलले. कालिना, आणि मावशीकडेच. खोलीभाडं वाचतं, कुर्ल्याहून बस आहे, आणि दुसऱ्या विद्यापीठाच्या कागदांमागे बाबांची रजा जाणार नाही. उन्हाळी शाळेचा अर्ज मात्र नक्की भरणार. निमूटदादा, त्याला शिफारसपत्र लागतं का?

शेवंता_मॅडम
पोळ्या लक्षात ठेव.

गणेशखिंडकर
ठरलंच होतं तर धागा काढला कशाला?

निमूट
शिक्षकाचं लागू शकतं. कॉलेज सोडायच्या आधी तुमच्या एचओडींना सांगून ठेव, नंतर कोणी फोन उचलत नाही.

राइनकाठचा_बंड्या
पीएचडीला तरी जर्मनीचा विचार कर. तिथे पगार मिळतो.