अमेरिकेतला बेकारभत्ता: 34 अब्जांसाठी सात आठवडे घोळ

एडिसनकर (23 जुलै 2010)
वाढीव भत्त्याची मुदत 2 जूनला संपली. तेव्हापासून सिनेट भांडतंय आणि इकडे 25 लाख लोकांचे चेक बंद. अडवणूक मोडायला सिनेटमध्ये 60 मतं लागतात. सिनेटर रॉबर्ट बर्ड वारल्यावर तर एकच मत कमी पडत होतं. मंगळवारी त्यांच्या जागी कार्ट गुडविन यांनी शपथ घेतली आणि लगेच 60-40 ने कोंडी फुटली. काल ओबामांची सही झाली. एका मतापायी लोकांना उपाशी ठेवायचं?

हिशेबी
'उपाशी' जरा जास्तच होतंय. भत्ता देऊच नका असं रिपब्लिकन म्हणत नव्हते. दुसरीकडचा खर्च कापून 34 अब्ज डॉलर उभे करा, एवढंच म्हणणं होतं. नेहमीचे 26 आठवडे वाढवत वाढवत काही राज्यांत 99 वर नेलेत. जवळजवळ दोन वर्षं! कुठे थांबायचं की नाही?

एडिसनकर
सरकारची तूट 1.3 लाख कोटी डॉलरची. त्यात हे 3 टक्केही नाहीत. 2008 मध्ये बुश यांच्या सहीने ही वाढ सुरू झाली, तेव्हा कुठला खर्च कापला होता? करकपातीला मात्र भरपाई लागत नाही म्हणे, रिपब्लिकन सिनेटर जॉन काईल याच महिन्यात बोललेत.

जर्सीची_सून
नवरा एच-वनवर (नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर) होता, त्यामुळे नोकरी गेली तेव्हा आम्हाला भत्ता नाहीच. व्हिसा वाचवायचीच धावपळ. पण हा भत्ता ज्या बेकारी विम्यातून मिळतो त्याचे पैसे न्यू जर्सीत पगारातूनही कापतात, त्याचेही कापले होते. त्यामुळे 'फुकटचे पैसे' म्हटलं की माझं डोकं फिरतं.

हिशेबी
वहिनी, फुकट मी म्हटलेलं नाही. पण स्वतःचं सांगतो, 2002 मध्ये माझी नोकरी गेली तेव्हा भत्ता चालू असेपर्यंत मी कमी पगाराच्या दोन नोकऱ्या नाकारल्या. संपत आला तशी तिसरी मुकाट्याने धरली. खोटं कशाला बोलू.

जर्सीची_सून
भाऊजी, तुम्हाला नाकारायला दोन होत्या. आज एका जागेमागे जवळपास पाच बेकार आहेत.

हिशेबी
हे मान्य. पण ज्यांचे 99 आठवडे संपलेत त्यांना या कायद्यातही काही नाही, ते कुणी बोलत नाही. आणि मुदत 30 नोव्हेंबरपर्यंतच. संसदेची निवडणूक 2 नोव्हेंबरला. तेव्हा हाच धागा वर काढू.