मदत हवी आहे: उंदरांसाठी ट्रान्स फॅटचं खाद्य कुठून आणायचं?
सोलापुरातून विचारतोय. व्यायामाने रक्तातल्या चरबीवर काय फरक पडतो ते पाहायचंय. विस्टार (प्रयोगशाळेतले पांढरे) उंदरांना 8 आठवडे ट्रान्स फॅटचं खाद्य, निम्म्यांना ट्रेडमिल. न पळणाऱ्यांनाही तेवढाच वेळ बंद पट्ट्यावर ठेवणार, म्हणजे हाताळणीचा ताण सारखा राहील.

अडचण खाद्याचीच. जानेवारी 2022 पासून वनस्पती तुपात ट्रान्स फॅटची मर्यादा 2 टक्के, त्यामुळे दुकानातला डबा निरुपयोगी. शुद्ध इलायडिक आम्ल (एक ट्रान्स फॅट) परवडत नाही. तुलनेला आपलं करडई तेल सहज मिळतं, पण त्यातलं लिनोलेइक आम्लच कोलेस्टेरॉल उतरवतं, म्हणजे तुलना बिघडते. ओलेइक (दुसरं मेदाम्ल) जास्त असलेलं करडईचं वाण घ्यावं का?

रक्त शेवटच्या पळण्यानंतर 48 तासांनी, उपाशीपोटी. नाहीतर ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) त्या एका पळण्यानेच कमी दिसतं. उंदरांत सीईटीपी (एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल इतर कणांकडे नेणारं प्रथिन) नसतं, बरंचसं कोलेस्टेरॉल एचडीएलमध्येच (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल). म्हणून एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) माणसांसाठीच्या सूत्राने काढणार नाही.

थोडं तेल अर्धवट हायड्रोजनेट करून (त्यातच ट्रान्स फॅट बनतं) गॅस क्रोमॅटोग्राफीने (मेदाम्लं मोजायची पद्धत) तपासून देणारं कुणी माहीत आहे का?