कीथ जॅरेट: कोलोनच्या पुढे

अमेरिकन जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटची चर्चा निघाली की ती १९७५ च्या जर्मनीतल्या कोलोनच्या मैफलीभोवतीच फिरते. ती थोर आहेच. वरचे सूर पत्र्यासारखे वाजणारा, खर्जात दम नसलेला पियानो वाट्याला आला, तर हा माणूस मधल्या सप्तकात ठाण मांडून बसला आणि डाव्या हाताने तीच आकृती घुमवत राहिला! पण मला पुढचा जॅरेट जास्त जवळचा वाटतो. १९८३ पासून गॅरी पीकॉक (बास) आणि जॅक डीजॉनेट (ड्रम्स) यांच्यासोबत त्याने जुनीच, सगळ्यांनी वाजवून झालेली गाणी घेतली आणि तीन दशकं त्यांतून नवं काढलं. मधे १९९६ मध्ये तीव्र थकव्याच्या आजाराने वादन थांबलं. जरा सावरल्यावर घरच्या स्टुडिओत एकट्याने वाजवलेला 'द मेलडी अ‍ॅट नाइट, विथ यू' १९९९ साली आला. त्यात करामत अशी जवळजवळ नाहीच. चाल सरळ मांडतो, सूर विरेपर्यंत थांबतो. मग २०१८ मधले दोन पक्षाघात, ज्यांनी डावा हात निकामी केला. फार हळहळ वाटते. ज्यांनी जॅरेट अजून ऐकलेलाच नाही, त्यांनी कोलोनआधी हा १९९९ चा अल्बम ऐकाच.