अनुभव धागा: भाड्याच्या बोटीतून कुप्याच्या मागावर

बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवारकडचे बरेच जण आता हिवाळ्यात मालवण, गोवा किंवा कारवारहून बोट ठरवून गळाने मासे धरायला जातात. घाटप्रभेत आणि हिडकलच्या पाण्यात हात बसलेला असतो, पण समुद्रातल्या कुप्याचं (ट्यूनाचं) गणित वेगळं आहे. ज्यांना ते ठाऊक आहे त्यांनी वर नावाऐवजी गाव टाकून नेमकं लिहावं: दोरा किती, ड्रॅग (रीलचा ब्रेक) किती, बर्फ किती. फोटो आणि 'केवढा मोठा होता' हे इथे नको.

टिळकवाडी

आधी अपेक्षा बरोबर ठेवा. यलोफिन म्हणजे मोठा कुपा खोल पाण्यातला मासा. गोव्यासमोर समुद्राचा तळ फार हळू उतरतो. १०० मीटर खोली गाठायला किनाऱ्यापासून पन्नास किलोमीटरहून जास्त आत जावं लागतं. अर्ध्या दिवसाच्या बोटीला ते शक्य नाही. अलीकडच्या पाण्यात मिळतो तो गेदर (लहान जातीचा कुपा), बहुधा एक ते चार किलोचा, आणि नशीब असेल तर सुरमई. गेदरला कमी समजू नका. त्याच्या वजनाच्या मानाने त्याची ओढ जबर असते. मोठा यलोफिनच हवा असेल तर अंदमान किंवा लक्षद्वीपचा विचार करा.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, आणि बंदी उठल्यावरही पाणी लगेच शांत होत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चनंतर दुपारी वायव्येचा वारा जोर धरतो, म्हणून उजाडायच्या आत निघून बारापर्यंत परत फिरायचं. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज फुकट बघायला मिळतो. दीड मीटरवर लाट दाखवत असेल तर लहान बोटीची तारीख बदला.

बोट ठरवताना विचारा: इंजिनं एक की दोन, डिझेल भाड्यात धरलंय का, लाइफ जॅकेट माणशी एक आहे का, वायरलेस चालू आहे का, मासा कोणाचा आणि बर्फ कोण आणणार. शेवटच्या दोन प्रश्नांवरून धक्क्यावर हमखास वाद होतात. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक मोबाइलमध्ये घालून ठेवा, पण किनारा दूर गेला की रेंज जाते, म्हणून भिस्त वायरलेसवर.

कारवार

तांडेल (बोट चालवणारा) पक्ष्यांकडे बघत असतो, तुम्हीही बघा. पक्षी उंच फिरतायत म्हणजे मासळी खाली आहे. पाण्यावर सूर मारतायत म्हणजे गेदराने बारीक मासळी वर रेटलीय. माशांच्या अशा थव्यातून बोट घातली की थवा खोल बुडाला. वाऱ्याच्या वरच्या अंगाला जायचं, इंजिन मंद करायचं, बोट वाऱ्याने आपोआप सरकू द्यायची आणि थव्याच्या पुढच्या कडेला टाकायचं, मधोमध नाही. २० ते ४० ग्रॅमचा धातूचा जिग (माशासारखं जड आमिष), आणि रील जमेल तितक्या वेगाने. गेदर बोटाएवढ्या मासळीवर तुटून पडलेला असताना मोठ्या ल्यूरकडे (खोट्या आमिषाकडे) वळत नाही.

ओढीवर न्यायचं असेल तर वेग ६ ते ८ नॉट. ल्यूर बोटीमागे १५ ते ४० मीटरवर, प्रत्येकाचं अंतर वेगळं, नाहीतर वळताना गुंता होतो. एका रॉडला मासा लागला की बोट लगेच थांबवू नका. चार-पाच सेकंद तसंच पुढे गेलात तर दुसराही लागतो, कारण हा मासा एकटा फिरत नाही. मग बाकीचे दोरे आत.

खानापूर

कटल्याचा रॉड आणि ४००० नंबरचं रील घरी ठेवा. गेदरला ६००० ते ८००० चं रील आणि ५० पौंडांचा ब्रेडेड (विणलेला) दोरा पुरतो, किमान ३०० मीटर. त्याच्या पुढे दोन मीटर फ्लुरोकार्बन लीडर (गळाजवळचा पारदर्शक दोरा), ६० पौंडांचा. दोघांना जोडायला एफजी गाठ, १८ ते २० वेढे, ओली करून आवळलेली. ही गाठ घरीच बांधून आणा. हलत्या बोटीत ती नीट बसत नाही, आणि मासा सुटतो तो बहुतेक वेळा याच ठिकाणी.

तारेचा लीडर लावावा का, हा नेहमीचा घोळ. सुरमई दातांनी फ्लुरोकार्बन कापते, आणि कुप्याची नजर इतकी तेज की तार दिसली तर तो मागे फिरतो. गेदर दिसत असेल तर तार काढा. ल्यूर पाठोपाठ कापले जायला लागले तर वीतभर बारीक तार लावा, जास्त नाही.

ड्रॅग अंदाजाने लावू नका. दोऱ्याच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको. ५० पौंड म्हणजे साधारण २२ किलो, म्हणून सात किलो ही कमाल. गेदराला चार-पाच किलोही भरपूर. हातातल्या वजनकाट्याला दोरा बांधून रॉडमधून ओढून मोजा. पहिल्या धावेत मासा दोरा नेतो तेव्हा ड्रॅग घट्ट करायचा मोह होतो. तो आवरा. रॉड सावकाश उचला, खाली येताना गुंडाळा, ढील अजिबात नको. शेवटी तो बोटीखाली गोल गोल फिरतो. तेव्हा एका जागी उभं राहायचं नाही, त्याच्याबरोबर कडेने सरकायचं, आणि दोरा बोटीच्या पंख्यापासून लांब ठेवायचा. ब्रेडेड दोरा हाताला कधीही गुंडाळू नका. हाताचं बोट कापलं जातं.

निपाणी

चोर्ला किंवा आंबोलीची वळणं उतरून त्याच पहाटे बोटीत चढलात तर ओकारी ठरलेली. आदल्या रात्री किनाऱ्यालाच मुक्काम करा. गोळी (सिनॅरिझिन किंवा प्रोमेथाझिन) डॉक्टरला विचारून घ्या, आणि ती निघायच्या तास-दोन तास आधी. मळमळ सुरू झाल्यावर उपयोग होत नाही. दोन्हींनी झोप येते, म्हणून परतीला घाटात गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये, आणि दारूबरोबर तर कोणीच नाही. पोट रिकामं नको, तेलकटही नको. भाकरी-चटणी किंवा भडंग चालतं. केबिनमध्ये जाऊ नका, मोबाइलकडे बघू नका, मधल्या भागात धुरापासून दूर बसून क्षितिज बघा.

शहापूर

सगळे पकडण्यावर लिहितात. आपल्याला मासा घेऊन सव्वाशे किलोमीटर घाट चढून यायचंय, म्हणून हे नीट वाचा.

कुप्याचं रक्त गरम असतं आणि झुंजीत आणखी तापतं. तसाच पडू दिला तर मांस फिकट, आंबट आणि चुऱ्यासारखं होतं. वर आल्याबरोबर डोक्यावर एक नेमका घाव, मग छातीच्या पराच्या मागे दोन-तीन बोटांवर दोन्ही बाजूंना उभा छेद, आणि कल्ल्यांखालची शीर कापा. पाच मिनिटं समुद्राच्या पाण्यात रक्त वाहू द्या. कल्ले आणि आतडी काढा. मग बर्फ दोन भाग आणि समुद्राचं पाणी एक भाग अशा मिश्रणात अख्खा बुडवा. नुसत्या बर्फाच्या तुकड्यांत हवा राहते, मासा उशिरा गार होतो. माशाच्या वजनाएवढा तरी बर्फ हवा, एप्रिलमध्ये दुप्पट. हा बर्फ आदल्या संध्याकाळी धक्क्यावरून घ्यायचा.

गाडीत घालताना त्या मिश्रणातलं पाणी काढा. मासा पिशवीत, खाली-वर पाणी निथळलेला साधा बर्फ, थर्मोकोलच्या पेटीला तळाशी भोक आणि त्याखाली ट्रे. तुकडे केले असतील तर वितळलेलं गोडं पाणी त्यांना लागू देऊ नका, रंग आणि चव दोन्ही जातात.

एवढी काळजी चवीसाठीच नाही. ४ अंशांच्या वर राहिला तर या जातीच्या माशात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून जात नाही, तळूनही नाही, फ्रीजरमध्येही नाही. वासावरून कळेलच असं नाही. जिभेला मिरपूड लागल्यासारखी चरचर झाली तर घास टाकून द्या. तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर पित्त उठणं हे तासाभरात दिसतं. धाप लागली तर सरळ दवाखाना.

टिळकवाडी

रीलबद्दल राहिलं. घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याचा हलका फवारा द्या, म्हणजे पाणी आत जात नाही. नळाच्या धारेखाली धरू नका. पुसून सावलीत वाळवा आणि ठेवताना ड्रॅग पूर्ण सैल करा, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात.