मदत हवी आहे: बाटली पाण्याच्या मधोमध का थांबत नाही?

शंकासुर

नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनात तिला काचेच्या टाकीत तीन बाटल्या दाखवायच्यात: एक तरंगणारी, एक तळाला बसलेली आणि एक मधोमध अधांतरी. पहिल्या दोन लगेच जमल्या, तिसरीने वैताग आणलाय.

मऊ प्लास्टिकची छोटी बाटली आहे, झाकण घट्ट, आत वाळू आणि उरलेली हवा. टाकीत पाणी अर्धा मीटर. वाळू जराशी कमी असली की बाटली वर येते, जराशी जास्त झाली की थेट तळ गाठते. अधलंमधलं काही नाहीच.

माझी शंका अशी. खोल जावं तसा पाण्याचा दाब वाढतो, म्हणजे वर ढकलणारं बलही वाढायला हवं. मग किंचित जड वस्तू खाली जाता जाता कुठेतरी ते बल तिच्या वजनाइतकं होईल आणि ती तिथेच थांबेल. तसं का होत नाही? पुस्तक 'प्लावक बल म्हणजे विस्थापित द्रवाचं वजन' एवढं सांगून मोकळं होतं, खोलीबद्दल चकार शब्द नाही.

तर्कात कुठे पाणी मुरतंय ते सांगा, आणि बाटली थांबवायची कशी तेही.

खडूफळा

दाब वाढतो हे खरं, पण तो खालून वाढतो तसा वरूनही वाढतो. वस्तूला वर ढकलतो तो या दोन्हींतला फरक.

१० सेंटिमीटर बाजूचा एक घन घ्या. त्याचा वरचा पृष्ठभाग १ मीटर खोलीवर आहे. हवेचा दाब दोन्हीकडून कटतो, तो सोडून देऊ. वरून पाणी ९८ न्यूटनने खाली दाबतं. खालचा पृष्ठभाग १.१ मीटरवर, तिथे १०७.८ न्यूटन वर. फरक ९.८ न्यूटन, म्हणजे बरोबर एक लिटर पाण्याचं वजन, आणि घनाचं आकारमानही एक लिटरच. आता तोच घन १० मीटरवर न्या. वरून ९८०, खालून ९८९.८. फरक पुन्हा ९.८.

पुस्तकात खोली येत नाही ती यामुळे. मुलीला हे आकडे स्वतः मांडायला लावा, नुसतं सूत्र पाठ करण्यापेक्षा बरं.

निळी_शाई

पण मग खोल समुद्रात काय? तिथे प्रचंड दाबाने पाणी इतकं घट्ट होतं की बुडालेली जहाजं तळाशी पोचतच नाहीत, मध्येच कुठेतरी अडकून राहतात, असं लहानपणी ऐकलं होतं.

खडूफळा

टायटॅनिक सुमारे ३,८०० मीटर खोल, चक्क समुद्रतळावर आहे. तिथला दाब हवेच्या दाबाच्या जवळपास ३८० पट, पण एवढ्या दाबाखालीही पाणी दोन टक्क्यांहून कमीच आकसतं. पोलादाची घनता पाण्याच्या ७.८ पट. दोन टक्क्यांनी त्याला काय फरक पडणार!

पाणबुड्या

तर्क वर निकालात निघालाच आहे. बाटलीचं दुखणं मात्र वेगळं आहे आणि तुमच्या अपेक्षेच्या बरोबर उलटं. खोलीबरोबर तिच्यावरचं प्लावक बल वाढत नाही, कमी होतं.

कारण आतली हवा. अर्धा मीटर खाली दाब सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो. मऊ बाटली थोडी चेपते, आकारमान घटतं, पाणी कमी विस्थापित होतं, म्हणून ती आणखी खाली जाते आणि आणखी चेपते. वर सरकली तर उलट: फुगते, हलकी होते, वरच निघून जाते. टेकडीच्या माथ्यावर ठेवलेल्या चेंडूसारखं आहे हे. समतोल बिंदू आहे, पण जरा धक्का लागला की परत येणं नाही.

श्वास रोखून खोल सूर मारणारे हे अंगावर अनुभवतात. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, छाती भरून घेतलेली हवा निम्म्या जागेत मावते. पृष्ठभागावर तरंगणारं शरीर काही मीटरनंतर आपसूक खाली जाऊ लागतं, पाय मारावे लागत नाहीत. पहिल्यांदा जाणवतं तेव्हा पोटात गोळा येतो. वायुपिशवी असलेल्या माशांनाही म्हणूनच खोली बदलताना पिशवीतला वायू कमीजास्त करावा लागतो. शार्कला वायुपिशवीच नसते, तिचं काम तेलकट यकृतावर भागतं.

शंकासुर

वा, हे डोक्यात बसलं. मग न चेपणारी बाटली घेतली तर? जाड काचेची कुपी आहे घरात.

पाणबुड्या

तत्त्वतः बरोबर. वस्तू पाण्यापेक्षा कमी चेपणारी असेल तर तुमचा मूळ तर्क चक्क लागू होतो! खाली पाणी किंचित दाट होतं, वस्तू जवळपास तशीच राहते, म्हणून ती ठरावीक खोलीवर थांबते. जॉन स्वॅलो या ब्रिटिश समुद्रशास्त्रज्ञाने १९५५ साली ॲल्युमिनियमच्या बंद नळ्या अशाच समुद्रात सोडल्या. त्या ठरलेल्या खोलीवर तरंगत राहायच्या, आणि त्यांच्या आवाजाचा माग काढून तो खोल प्रवाह मोजायचा. आजचे आर्गो तरंगक, म्हणजे समुद्रात मोजमापं घेणारी स्वयंचलित यंत्रं, साधारण १,००० मीटरवर वाहत राहतात, मग २,००० मीटरपर्यंत उतरून वर येतात. त्यांचं वजन बदलत नाही. आतलं तेल बाहेरच्या पिशवीत ढकललं की आकारमान वाढतं आणि ते वर येतात, तेल आत घेतलं की खाली.

पण तुमच्या टाकीत हे जमणार नाही. अर्ध्या मीटरच्या दाबाने पाण्याची घनता दशलक्षात दोन भागांइतकीच वाढते. ५० मिलिलिटरची कुपी मध्ये थांबवायची तर तिचं वजन ०.०००१ ग्रॅमच्या आसपास अचूक हवं. अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा एक कणच साधारण ०.०००२ ग्रॅमचा भरतो. म्हणजे एक कण इकडे, एक कण तिकडे, संपलं!

शंकासुर

एक कण?! आणि मी चिमटीने वाळू घालत होतो.

खडूफळा

त्यात तापमान वेगळंच. पाण्याची घनता २० अंशांना ०.९९८२ आणि ३० अंशांना ०.९९५७. दुपारी ऊन आलं की सकाळी तरंगणारी कुपी बुडेल. गॅलिलिओ तापमापकातले काचेचे गोळे यावरच चालतात.

मीठभाकर

मंडळी, प्रदर्शन जवळ आलंय, त्यांना उपाय द्या आधी 🙂

पाणी एकसारखं ठेवूच नका. खाली खारं, वर गोडं. एक लिटर पाण्यात सुमारे ७० ग्रॅम मीठ विरघळवलंत की घनता साधारण १.०५ होते. वरचं पाणी १.०० धरा. आता कुपीची घनता या दोन्हींच्या मधली कुठलीही चालेल. ५० मिलिलिटरच्या कुपीला सुमारे अडीच ग्रॅमची मुभा मिळते. चिमटीची वाळू बिनधास्त घाला.

आधी टाकी गोड्या पाण्याने अर्धी भरा. मग बारीक नळीचं टोक तळाशी टेकवून खारं पाणी अगदी हळू सोडा, ते गोड्याला वर उचलत खाली पसरतं. खाऱ्यात रंगाचा थेंब टाकलात तर सीमा दिसते. ढवळायचं नाही, टाकी हलवायचीही नाही, त्यामुळे जिथे दाखवायचं तिथेच भरा. पाणी आदल्या दिवशी काढून ठेवा. ताज्या नळाच्या पाण्यातली हवा बुडबुडे होऊन कुपीला चिकटते आणि तेवढ्यावरही ती वर येते.

निळी_शाई

थर किती वेळ टिकतील? रात्रभरात मिसळून गेले तर सकाळी पंचाईत.

मीठभाकर

धक्का लागला नाही तर एका रात्रीत काही होत नाही, मीठ फार सावकाश पसरतं. सीमा हळूहळू रुंद होत जाते, पण त्याने उलट फायदाच. घनता पायरीपायरीने बदलण्याऐवजी उताराने बदलते, आणि वेगवेगळ्या वजनाच्या दोन-तीन कुप्या वेगवेगळ्या उंचीवर थांबवता येतात.

शंकासुर

जमलं! मुलीने दोन कुप्या सोडल्या, दोन्ही मधल्या पट्ट्यात थांबल्या. बोटाने खाली ढकलली तर परत वर येते, वर ओढली तर परत खाली जाते. ती मऊ प्लास्टिकची बाटलीही शेजारच्या साध्या पाण्याच्या भांड्यात ठेवणार आहे. 'ही का थांबत नाही?' असा फलक तिने स्वतःच लिहिलाय. परीक्षकांनी खोलीबद्दल विचारलं तर ९८ आणि १०७.८ तोंडपाठ आहेत.