"सुटलीस बाई एकदाची!" – पाळी जाताना आणि गेल्यावर : तुमचे अनुभव लिहा

लातूर, वय ५२ (धागा माझाच)

पाळी येऊन वर्ष उलटलं, असं गेल्या उन्हाळ्यात जाऊबाईंना सांगितलं. पापड लाटता लाटता त्या म्हणाल्या, "सुटलीस बाई एकदाची!" ओसरीवरच्या बाकीच्या तिघींनीही तेच म्हटलं. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात, एवढं मला ठाऊक होतं. पण त्याच्या आधीची तीन-चार वर्षं आणि नंतरची पुढं किती कोण जाणे, त्याबद्दल त्या ओसरीवर कुणी चकार शब्द काढला नाही. आईनंही काढला नव्हता.

मी बँकेत कॅशला बसते. मेचा शेवटचा आठवडा, पेरणीसाठी पैसे काढायला आलेले एक आजोबा समोर. मी पाचशेच्या नोटा मोजत होते. त्र्याहत्तरपर्यंत आले आणि छातीतून जी वाफ उठली ती कानाच्या पाळ्यांपर्यंत. पाठ भिजली, अंक पुसला गेला. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदाही चुकले. आजोबा म्हणाले, "ताई, पाणी प्या अगुदर. मला कुटं रेल्वे गाठायची हाय?" दोन मिनिटांत सगळं ओसरलं आणि एसीत मला थंडी वाजायला लागली. घरी येऊन रडले. का रडले ते सांगता येणार नाही.

तर जे झालं ते लिहा. "योगा करा, सकारात्मक राहा" एवढंच लिहायचं असेल तर कृपया नको, ते व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येतं. गोळ्यांचे डोस इथं सांगू नका. बाकी लाजू नका.

परभणी, वय ४७

मी एसटीत वाहक आहे. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं आणि गाडीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. बायका फिरू लागल्या याचा आनंदच आहे, पण त्याच वर्षी माझी पाळी बिघडली. आधी दोन-दोन महिने यायची नाही, मग आली की बारा-बारा दिवस जायची नाही. गाठी पडायच्या. एका फेरीला चार तास, मधल्या स्टँडवरच्या संडासाला कडी नाही, कडी असली तर पाणी नाही. एकदा घंटी वाजवायला हात वर केला आणि मागच्या सीटवरल्या एका म्हातारीनं माझा हात धरून खाली बसवलं. कानात म्हणाली, "पोरी, बस. मागून खराब झालंय." तिनं तिची शाल माझ्या कमरेला गुंडाळली. पुढच्या गावाला ती उतरून गेली, शाल तशीच माझ्याकडं.

हिमोग्लोबिन ६.८ निघालं. दम लागायचा तो वयामुळं असं मी समजत होते. शिरेतून लोहाचं इंजेक्शन घ्यावं लागलं. पहिल्या डॉक्टरनं पाच मिनिटांत सांगितलं, "लेकरं झालीत ना? मग काढून टाकू पिशवी." तारीखसुद्धा दिली. माझी बहीण नर्स आहे, तिनं दुसरीकडं नेलं. तिथं सोनोग्राफी झाली, पिशवीच्या अस्तराचा बारीक तुकडा तपासायला पाठवला. अस्तर जाड झालेलं, कॅन्सर नाही. मग हार्मोनची तांबी बसवली. ही साध्या तांबीसारखीच दिसते, पण आतल्या औषधानं अस्तर पातळ राहतं. पहिले तीन-चार महिने थेंब थेंब जात होतं, वैताग आला होता. आता पाळी नावाला येते. पिशवी आहे तिथं आहे.

बीड जिल्हा, आशा कार्यकर्ती, वय ४१

माझा नाही, माझ्या वाडीवरच्या एका ऊसतोड बाईचा अनुभव लिहिते. तिला लिहिता येत नाही. ती बोलली तसंच खाली देते, तिला वाचूनही दाखवलंय. (कोपी म्हणजे ऊसतोड्यांची तात्पुरती झोपडी, उचल म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी.)

"कारखान्यावर नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिस नाही गेलं की खाडा. पाचशे रुपये उचलीतून गेले. कोपीला न्हाणी नसती. पाळीत कापड धुवायचं कुटं, वाळू घालायचं कुटं? अंगावर पांढरं जायचं, कंबर धरायची. डाक्टर म्हनला सूज हाय, आता नाही काढली तर कॅन्सर व्हईल. मी एकतीसची व्हते. मुकादमाकडून पस्तीस हजार आनले न् काढली. सगळ्या म्हनल्या सुटलीस. मलाबी वाटलं सुटले. दोन महिन्यांनी परत मोळ्या वाहिल्या.

मग आंगातून आग निगाया लागली. पौषाच्या थंडीत म्या कोपीच्या भायेर जाऊन बसायची. नवऱ्याला वाटलं भायेरचं झालं. देवऋष्याकडं नेलं, एक कोंबडं गेलं. आता चव्वेचाळीस हाय. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकाची फळी चढाया गुडघे नाही म्हनत्यात. सासू सत्तरीची हाय, ती चढती."

आता माझं. तिच्या पेटीत ऑपरेशनचा कागद होता, लग्नपत्रिका आणि रेशनकार्डाच्या मधे घडी घालून. इंग्रजीत होता. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढलेली. हे तिला तेरा वर्षांनी माझ्याकडून कळलं. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण अंडाशयं त्यांचं काम बरीच वर्षं करत राहतात. दोन्ही अंडाशयं काढली की मात्र पन्नाशीला हळूहळू यायचं ते सगळं दुसऱ्या दिवशी येऊन उभं राहतं, आणि हाडं तेव्हापासूनच झिजायला लागतात.

ती एकटी नाही. २०१९ साली आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं याच्या चौकशीला समिती नेमली होती. आपल्या जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली. माझ्या या बाईला त्याचा काय उपयोग, तिचं आधीच झालेलं. तिला मी जिल्हा रुग्णालयात घेऊन गेले, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू केलं. दिवाळी झाली की ती परत कर्नाटकात जाणार. गोळ्या कोपीत कुठं ठेवू, उंदीर नेतात, असं विचारत होती. मी तिला स्टीलचा डबा दिला.

लातूर, वय ५२

आशाताई, वाचून उठले, चहा केला, परत येऊन बसले. त्यांना माझा नमस्कार सांगा.

परभणीच्या ताईंच्या गोष्टीला एक जोडते. पाळी पुढं-मागं होणं वेगळं आणि वर्षभर बंद असताना पुन्हा लाल दिसणं वेगळं. हे दुसरं झालं तर, थेंबभर का असेना, तपासून घ्यायचंच. आमच्या शेजारणीनं "परत तरुण झाले" म्हणून हसण्यावारी नेलं आणि आठ महिने घालवले. पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. वेळेत सापडला असता तर बराच सोपा गेला असता.

अंगातून वाफा येतात त्यावर घ्यायच्या हार्मोनच्या औषधांबद्दल दोघींनी मला वेगळं विचारलंय. मी घेते. "कॅन्सर होतो" हे मलाही सगळ्यांनी ऐकवलं. ती भीती मुख्यतः २००२ सालच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासातून आलेली, आणि त्यातल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, तब्येत ठीक असेल आणि त्रास फार असेल, तर डॉक्टर आता देतात. मला आधी मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आणि रक्तदाब बघून दिलं. पिशवी असलेल्या बाईला दोन हार्मोन लागतात, एकटं इस्ट्रोजेन चालत नाही. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्यांना देत नाहीत. माझं काउंटर आता एका दमात मोजून होतं.

हिंगोली, वय ५५, पुरुष

बायकांच्या धाग्यात लिहू का नको असं करत होतो. आमच्या घरी रात्री दोनला मागच्या दाराची कडी वाजायची. बायको अंगणातल्या बाजेवर जाऊन बसायची. मला वाटलं माझ्यावर चिडली आहे. तसं चिडायला कारणही होतं, शेत गहाण टाकलं ते तिला न विचारता. सहा महिने मी गुन्हेगारासारखा वागलो, भांडी घासली, सोनपापडी आणली. शेवटी मुलीनं सांगितलं, "बाबा, तिला उकडतंय." सोनपापडी अजून आणतो.

धाराशिव जिल्हा, वय ४६

आमच्या गावात २००० च्या आसपास गाडी आली होती. तीस ते एकोणसाठ वयाच्या बायकांची गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी. मुंबईचं टाटा, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांचं ते काम होतं. आम्हाला तेव्हा फक्त "बार्शीची गाडी" माहीत. आजीनं आईला जाऊ नको म्हणून सांगितलं, काय दाखवायचं ते नवऱ्याला दाखवावं. आई शेळ्यांना पाला आणते म्हणून विळा घेऊन निघाली आणि शाळेच्या खोलीत तपासून आली. विळा तिथंच विसरली, म्हणून घरी कळलं!

महिन्याभरानं बोलावणं आलं. गर्भाशयाच्या तोंडावर कॅन्सर होण्याआधीचा डाग होता. गोठवून काढला, थोड्या वेळाचं काम. आई आज ७१ वर्षांची आहे, आणि विळ्याची गोष्ट ती स्वतःच रंगवून सांगते.

त्या कामात आपल्या जिल्ह्यातल्या ५२ गाव-गटांतल्या एक लाख एकतीस हजारांहून जास्त बायका होत्या. २००९ मध्ये निकाल छापून आला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची (हा कॅन्सर ज्या विषाणूनं होतो त्याची) चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरनं जाणाऱ्या बायका साधारण निम्म्यावर आल्या होत्या. जगभर दाखला देतात त्याचा. आणि आमच्याच गावात परवा आरोग्य मंदिरात (सरकारी दवाखान्यात) तपासणी होती, तर मोजून सहा जणी आल्या. मी त्यातली एक. व्हिनेगरसारखं पाणी लावून बघतात, दोन मिनिटं. दुखत नाही, लाज मात्र वाटते.

जालना, वय ५१

छोटंसं. खोकलं, शिंकलं, हसलं की लघवीचे थेंब. त्यामुळं भजनी मंडळ सोडलं, कारण मृदंग चढला की आमच्यातली एकजण फार हसवते. दोन वर्षं गुडघ्याचं कारण सांगत राहिले. शेवटी फिजिओथेरपिस्ट मुलीनं व्यायाम शिकवला. लघवी अडवताना जे आवळतो ते आवळायचं, पाच मोजायचे, सोडायचं. दिवसातून तीनदा, भाकरी थापतानाही जमतं, कुणाला कळत नाही. फरक पडायला तीन महिने लागले. परत भजनात बसते. मागच्या रांगेत, अजून भरवसा नाही.

छत्रपती संभाजीनगर, वय ५०

आमच्यात पाळीच्या दिवसांत रोजे धरत नाहीत, राहिलेले नंतर वर्षभरात भरून काढायचे. गेली पस्तीस वर्षं माझे दर रमजानला सहा-सात राहायचे, आणि मी ते थंडीच्या लहान दिवसांत एकटी भरायची. घरात सगळे जेवतायत आणि मी भांडी लावतेय. गेल्या रमजानला पहिल्यांदा एकही रोजा सुटला नाही. त्याचा आनंद होईल असं वाटलं होतं, झालाही. पण पहाटे सहरीला उठले की मुलगी झोपलेली दिसायची, तिचे ते दिवस. पूर्वी आम्ही दोघी मिळून दुपारी स्वयंपाकघराचं दार लावून चोरून पोहे खायचो. ती या वेळी एकटी खात होती. मी दारातून बघितलं, तिनं प्लेट पुढं केली आणि मग आठवून मागं घेतली. दोघी हसलो.

त्रासाचं म्हणाल तर झोप गेलीय, आणि घाटी रुग्णालयात तपासलं तेव्हा थायरॉइडही निघालं. वजन, उदासी, केस गळणं सगळं मी पाळीच्या खात्यावर टाकत होते. ते एकदा तपासून घ्या गं.

औसा, वय ५९

येळवसला (वेळा अमावस्येला) शेतात आंबिलाचं मडकं घेऊन बांधावरून चालताना घसरले. मडकं वाचवलं, मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडायला नको, म्हणून डॉक्टरनं हाडांची घनता मोजायला लावली. उणे २.८. उणे अडीचच्या खाली गेलं की हाडं ठिसूळ झाली असं धरतात. पाळी जाऊन बारा वर्षं झालेली, उन्हातान्हात राबलेली मी, मला वाटायचं हे एसीतल्या बायकांना होतं. आता गोळी चालू आहे. शिवाय तिळाची चटणी, रोज. तीळ सालीसकट हवेत, पॉलिश केलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात कॅल्शियम फार कमी उरतं.

परभणी, वय ४७

औशाच्या काकू, इथं दुकानदार पांढरेशुभ्रच काढून दाखवतो. सालीचे कुठं मिळतील?

औसा, वय ५९

घरचेच आहेत, दोन पायल्या निघाले यंदा. लातूर स्टँडवर तुझी गाडी कधी लागते ते सांग. अर्ध्या तिकिटात मीच घेऊन येते.