घरातल्या साहित्यातून १:२४ चे टायगर मॉथ: पंख पिळतो आणि ताणतारा सैल पडतात

प्रश्न

नमस्कार. काही वर्षे तयार किटमधून प्लॅस्टिकची विमाने जुळवल्यानंतर मी आता पहिल्यांदाच एक विमान किटशिवाय, केवळ घरात सापडणाऱ्या साहित्यातून करायला घेतले आहे. निवड डी हॅविलंड टायगर मॉथची केली. २६ ऑक्टोबर १९३१ रोजी पहिले उड्डाण केलेले हे ब्रिटिश दुपंखी प्रशिक्षण विमान मला लहानपणापासून आवडते. शिवाय त्याच्या धडाच्या बाजू सपाट असल्यामुळे पुठ्ठ्यात ते जमेल असे वाटले. खऱ्या विमानाचा पंखविस्तार ८.९४ मीटर आणि लांबी ७.२९ मीटर आहे, त्यामुळे १:२४ या प्रमाणात प्रतिकृती साधारण ३७२ मिमी रुंद आणि ३०४ मिमी लांब होते.

धड मनासारखे झाले आहे, पण पंखांनी मला अडवले. फासळ्या, म्हणजे पंखाला आकार देणारे आतले आडवे तुकडे, पुठ्ठ्याच्या कापल्या, त्यांवर खालून-वरून खोक्याचा पातळ पुठ्ठा पांढऱ्या गोंदाने चिकटवला आणि रात्रभर वाळू दिला. सकाळी पाहतो तर पंख टोकाकडे पिळलेला होता आणि आराखड्यावर धरून पाहिल्यावर तो जाडही वाटला. तरीही पुढे जाऊन मी चारही पंख खालच्या-वरच्या पंखांमधल्या खांबांवर बसवले आणि शिवणाच्या दोऱ्याने ताणतारा, म्हणजे पंखांमधल्या तिरप्या आधारतारा, ओढल्या. एक तार ताणली की शेजारची सैल पडायची, आणि दोन दिवसांनी तर सगळ्याच लोंबू लागल्या. आता पंख काढून नव्याने करण्याची माझी तयारी आहे. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत: पंखाचे आवरण कशाचे करावे, पिळ कसा टाळावा आणि ताणतारा कशाच्या व कशा लावाव्यात. इंजिनाचे एका बाजूचे झाकण उघडे दाखवण्याचाही विचार आहे, त्याविषयी कोणी सांगितले तर आभारी राहीन.

पहिले उत्तर

तुमचा पंख जाड का दिसतो, याचा हिशेब आधी करून पाहू. खोक्याचा पातळ पुठ्ठा साधारण ०.३ मिमी जाड असतो. १:२४ ला त्याचा अर्थ असा की, तुम्ही खऱ्या विमानाला ७ मिमीपेक्षा जाड कातडे चढवले आहे, आणि तेही खाली व वर असे दोनदा. खऱ्या टायगर मॉथच्या पंखावर मात्र लाकडी सांगाड्यावर ताणलेले कापड असते. तुमच्या प्रमाणात पंखाची पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी सुमारे ५५ मिमी येते आणि त्याची सर्वांत जाड जागाही तीन-साडेतीन मिमीच्या आसपासच असते, म्हणून आवरणाचे अर्धा-पाऊण मिमी लगेच डोळ्यांत भरतात. साहित्य कोणतेही घ्या, त्याची जाडी प्रमाणाने गुणून पाहण्याची सवय लावून घ्यावी, आणि फासळी कापतानाच आवरणाची जाडी आराखड्यातून वजा करावी. घरगुती साहित्यातून केलेली प्रतिकृती ओबडधोबड दिसण्याचे कारण बहुतेक वेळा कारागिराचा हात नसतो, ही न केलेली वजाबाकी असते, असे माझे ठाम मत झाले आहे.

पिळाचे कारण पाणी आहे. पांढऱ्या गोंदातले पाणी पुठ्ठा पितो, तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो आणि वाळताना आकसतो. खालच्या आणि वरच्या तुकड्यांची तंतूदिशा वेगळी असेल, किंवा एका बाजूला गोंद जास्त लागला असेल, तर दोन्ही बाजू सारख्या आकसत नाहीत आणि पंख पिळतो. तंतूदिशा ओळखण्यासाठी पुठ्ठ्याचा लहान चौकोन एका बाजूने ओलसर करावा. तो ज्या अक्षाभोवती गुंडाळला जातो, त्याच अक्षाला समांतर तंतू असतात. पंखासाठी तंतू नेहमी एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे लांबीच्या दिशेने ठेवावेत. मग पंखाला रुंदीत बाक सहज येतो आणि लांबीत तो ताठ राहतो.

मी पोकळ पंख करत नाही. पातळ पुठ्ठ्याचे दोन थर घेतो, त्यांच्यामध्ये बांबूच्या काडीच्या चिरून चपट्या केलेल्या दोन पट्ट्या कण्यासारख्या ठेवतो, आणि पाणी नसलेल्या रबरी चिकटद्रव्याने हे सगळे एका बाकदार ठोकळ्यावर दाबून जोडतो. वाकलेल्या स्थितीत चिकटवलेले दोन थर तो बाक सोडत नाहीत, कारण सरळ होण्यासाठी त्यांना एकमेकांवरून सरकावे लागेल आणि चिकटद्रव्य तसे होऊ देत नाही. ठोकळा पुठ्ठ्याच्या एकसारख्या फासळ्या रांगेने उभ्या करून बनवता येतो. फासळीच्या वरच्या कडेचा बाक मात्र आराखड्यावरूनच घ्यावा. टायगर मॉथचा पंख पातळ आहे, त्याला गोलाकार बाटलीवर वाकवले तर तो छत्रीसारखा दिसू लागतो.

आता फासळ्यांचा आभास. या गाभ्यावर प्रत्येक फासळीच्या जागी एक बारीक शिवणदोरा चिकटवावा, वरून टिश्यू पेपरचा एकच पदर पसरावा आणि पातळ केलेले वार्निश कुंचल्याने लावावे. वार्निश वाळताना टिश्यू दोऱ्यांच्या मधल्या जागी किंचित खाली बसतो, आणि कापड ताणलेल्या पंखावर उजेड तिरका पडल्यावर जशा मंद सावल्या दिसतात, तशाच सावल्या येथेही दिसतात. दोरा जाड निवडला तर पंख कोळशाच्या शेगडीच्या जाळीसारखा होतो, म्हणून आधी एका तुकड्यावर दोन-तीन प्रकारचे दोरे लावून पाहावेत. ऐलरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा, फक्त खालच्या पंखांना असतात, हे कापण्याआधी लक्षात असू द्यावे. वरच्या पंखांच्या पुढच्या कडेला बाहेरच्या भागात स्लॅट, म्हणजे पुढे सरकणाऱ्या अरुंद पट्ट्या, असतात, ते वेगळ्या कागदी पट्टीने दाखवता येतील.

दुसरे उत्तर

ताणतारांची तक्रार वाचून मला माझे पहिले दुपंखी विमान आठवले, कारण माझ्याही हातून नेमके हेच झाले होते. सुती दोरा हवेतल्या ओलाव्याप्रमाणे लांबी बदलतो, हा एक भाग झाला. मुख्य अडचण अशी आहे की, खऱ्या विमानात तारांचा ताण सांगाड्याला आकारात धरून ठेवतो, तर आपल्या प्रतिकृतीत तोच ताण मऊ पंखाला आणि बारीक खांबांना ओढून आकार बिघडवतो. म्हणून तारेने कोणतेही ओझे वाहू नये. सांगाडा तारांशिवाय स्वतःच्या बळावर अचूक उभा राहावा आणि तार केवळ तारेसारखी दिसावी.

जुन्या इयरफोनच्या किंवा चार्जरच्या वायरीतली बारीक तांब्याची तार यासाठी उत्तम आहे. तिचे एक टोक घट्ट बांधून दुसरे टोक पकडीने हळूहळू ओढावे. तार किंचित लांबल्याची जाणीव होताच थांबावे. त्याने ती अगदी सरळ होते आणि थोडी कडकही होते. टायगर मॉथच्या पंखांमधल्या तारा गोल नसून चपट्या, प्रवाहानुकूल छेदाच्या असतात, म्हणून सरळ केलेली तार काचेवर ठेवून तिच्यावरून सुईचा जाड भाग दाबत फिरवला की तीही थोडी चपटी होते. येथेही जाडीचा हिशेब हवा. खरी तार एक सेंटिमीटर रुंद धरली तरी १:२४ ला ती ०.४ मिमी होते, त्यामुळे याहून जाड काहीही वापरू नये. प्रत्येक तारेची लांबी कर्कटकाने (दोन टोकांच्या कंपासने) प्रत्यक्ष दोन छिद्रांमध्ये मोजावी, तार तेवढीच कापावी, एक टोक छिद्रात घालून तारेला हलका बाक देत दुसरे टोक बसवावे आणि पांढऱ्या गोंदाचा टिपूस टाचणीने लावावा. यात कुठेही ओढाताण होत नाही. छिद्रे मात्र पंख जोडण्याआधीच सुईने पाडून ठेवावी लागतात.

सांगाडा अचूक राहण्यासाठी जाड पुठ्ठ्याचा साचा करावा, ज्याच्या खाचांमध्ये खालचे आणि वरचे पंख योग्य उंचीवर व योग्य कोनात आपोआप टेकतील. या विमानात ते अधिकच गरजेचे आहे. पुढच्या कॉकपिटमधल्या माणसाला पॅराशूटसह लवकर बाहेर पडता यावे म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग, ज्यात इंधनाची टाकी असते, आणि त्याचे खांब पुढे सरकवले गेले. त्यामुळे बिघडलेला तोल परत आणण्यासाठी पंख मागे झुकवले गेले. वरच्या आणि खालच्या पंखांचा हा कल आराखड्यावरून स्वतंत्रपणे मोजून घ्यावा, एकावरून दुसरा गृहीत धरू नये. खांबांसाठी बांबूच्या काड्या चांगल्या. पॉलिश पेपरवर घासून त्यांना पाण्याच्या थेंबासारखा छेद द्यावा आणि दोन्ही टोकांत टाचणीचा बारीक तुकडा रोवावा, म्हणजे जोड केवळ गोंदावर अवलंबून राहत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. एका पंखावर प्रयोग करून पाहिला. रबरी चिकटद्रव्याने केलेला दोन थरांचा गाभा तीन दिवसांनंतरही ठोकळ्यावर तंतोतंत बसतो आणि जाडी ३.२ मिमी भरली. दोऱ्यांपैकी सर्वांत बारीक दोराच योग्य दिसला, बाकीचे खरोखरच फार उठावदार होते. आता इंजिन, वाऱ्याच्या काचा आणि प्रोपेलर राहिले आहेत.

तिसरे उत्तर

इंजिन जिप्सी मेजर आहे: हवेने थंड होणारे, एका रांगेत चार सिलिंडर आणि तेही उलटे, म्हणजे क्रँकशाफ्ट (प्रोपेलर फिरवणारा दांडा) वर आणि सिलिंडरची डोकी खाली. झाकण उघडे ठेवणार असाल तर या उलटेपणाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण सवयीने हात सिलिंडर वरच्या बाजूला लावायला जातो. सिलिंडरसाठी पेनाच्या रिकाम्या रिफिलचे चार सारखे तुकडे घ्यावेत आणि त्यांवर बारीक दोरा वेढ्याला वेढा लावून गुंडाळावा. सुपरग्लूने तो पक्का करून गडद धातुरंग द्यावा आणि वरच्या कडांवर कोरड्या कुंचल्याने उजळ रंग फिरवावा. थंड करणाऱ्या पात्यांचा भास पुरेसा खरा होतो. सुपरग्लू सांडले तर कापसाने टिपू नये, कापसाशी त्याची क्रिया होऊन एकदम चटका बसण्याइतकी उष्णता निर्माण होते.

वाऱ्याच्या काचांसाठी कोणत्याही वेष्टनातले सपाट पारदर्शक प्लॅस्टिक चालेल. या काचा सपाट तुकड्यांच्या असल्यामुळे प्लॅस्टिक तापवून साच्यावर ओढण्याची गरज नाही. कटरच्या पाठीने हलकी रेघ ओढून घडी घालावी. त्या बसवताना पांढरा गोंदच वापरावा, कारण सुपरग्लूच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरट धुके बसते आणि ते पुसून जात नाही.

प्रोपेलरसाठी लाकडाच्या पाच-सहा पातळ पट्ट्या मधोमध टाचणीने ओवून पंख्यासारख्या थोड्या-थोड्या सरकवून चिकटवाव्यात आणि पायऱ्या घासून टाकाव्यात. पात्याचा पिळ आपोआप येतो: मध्याजवळ उभा, टोकाकडे चपटा. मात्र सरकवण्याची दिशा आधी निश्चित करावी. हे इंजिन वैमानिकाच्या जागेवरून पाहिले तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते, म्हणून विमानासमोर उभे राहून पाहताना सर्वांत पुढची पट्टी काट्यांच्या दिशेने सर्वाधिक सरकलेली असली पाहिजे. वरच्या पात्याची जाड, गोलसर कड त्या वेळी तुमच्या उजव्या हाताला येईल. उलट झाली असेल तर घासायला सुरुवात करण्यापूर्वीच पट्ट्या सोडवून पुन्हा ओवाव्यात, कारण एकदा घासल्यावर ते पाते या विमानाला लावता येत नाही.